पाचपट डोंगर

ठकूबाईंनी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिरताना वहाणा बाहेर काढून ठेवल्या होत्या. तालुक्याच्या मॉडेलभोवती जमलेल्या पोरांना कोपरानं बाजूला सारत ती म्हातारी टेबलापर्यंत आली आणि तिनं मला विचारलं, आमचं उंबरदांड ह्यात कुठं हाय. मी छडीनं दाखवलं. हिरव्या अरुंद पट्ट्यावर लाल डोक्याची एक टाचणी होती, तेच तिचं गाव. टाचणीच्या पाठीमागे वाघजाईचा डोंगर, वीतभर उंच, खाली तपकिरी, वर काळा कडा. म्हातारी वाकली. डोळे टाचणीच्या पातळीला आणून तिनं तिथून वर बघितलं. मग आपला तळहात डोंगराच्या पोटाखाली धरला, वरून काही सांडणार असावं आणि ते झेलायचं असावं तसा.

"आम्ही ह्याच्याखाली निजतो?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, हो आजी, पण ह्या मॉडेलमध्ये डोंगराची उंची जरा वाढवून घेतलेली असते. पुढचं सांगेपर्यंत ती भिंतीला टेकून खाली बसली होती. तिचा मुलगा कोंडाजी उंबरदांडचा सरपंच. आईला पाणी पाजून तोही टेबलाशी आला, वाकला, आणि सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवत होतो. दर वर्षी नकाशावरच्या समोच्च रेषांपाशी माझी गाडी अडायची. समान उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा, ही व्याख्या मुलं घडाघडा म्हणायची, पण कागदावरच्या त्या वेटोळ्यांतून डोंगर वर येतो हे त्यांना काही केल्या दिसायचं नाही. म्हणून एका वर्षी मुलांना हाताशी धरून मी अख्ख्या तालुक्याचं त्रिमितीय मॉडेल केलं. एकेका रेषेच्या आकाराचा पुठ्ठा कापायचा, थरावर थर चिकटवायचे, वरून कागदाचा लगदा थापायचा आणि रंगवायचं. आडवं आणि उभं प्रमाण सारखंच ठेवलं असतं तर वाघजाईचा डोंगर बोटाच्या दोन पेरांएवढा झाला असता, आणि लांबून टेबलावर नुसता उंचसखल पुठ्ठा दिसला असता. म्हणून उभं प्रमाण पाचपट घेतलं. अशा मॉडेलांत ते घेतातच. मॉडेलच्या खाली पाटीवर तसं लिहिलंही होतं. पाटी कोणी वाचत नव्हतं, आणि ठकूबाईंना तर वाचताच येत नव्हतं.

उंबरदांड डोंगराच्या कुशीत, एका सपाट दांडावर वसलेलं. रस्ता नाही. एवढ्याशा वाडीसाठी घाट फोडून रस्ता करणं सरकारला परवडत नव्हतं, म्हणून खाली डांबरी सडकेलगतच्या माळावर त्यांना जागा देऊ केलेली होती. नायब तहसीलदार कुलथे दर उन्हाळ्यात नकाशे घेऊन वर जायचे. गाव त्यांचं ऐकून घ्यायचं, त्यांना चहा पाजायचं आणि खाली पाठवून द्यायचं.

प्रदर्शनानंतर आठवडाभर उंबरदांडची माणसं टोळ्याटोळ्यांनी माझं मॉडेल बघायला येत राहिली. सगळी म्हातारीसारखीच वाकायची आणि टाचणीवरून वर बघायची. बायका तोंडाला पदर लावायच्या. आणि मग एक दिवस कुलथे पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आले. गावानं ठराव केला होता, पावसाळ्याआधी खाली उतरायचं.

मी त्यांना म्हटलं, साहेब, घोटाळा झालाय. लोक ज्याला घाबरले तो डोंगर खरा नाही, पाचपट आहे.

कुलथ्यांनी एक पेढा माझ्या हातावर ठेवला. "सर, मी इतकी वर्षं नकाशा दाखवून जे करू शकलो नाही, ते तुम्ही पुठ्ठ्यानं केलंत. आता ही तांत्रिक बाब गावात जाऊन कशाला सांगता?"

माझा स्वभाव वाईट. चुकीच्या रीतीनं उत्तर बरोबर आलं तरी मी मुलांना मार्क देत नसे. रविवारी सकाळी मी उंबरदांड चढून गेलो.

वाघजाईच्या देवळापुढे सगळे जमले. मी जमिनीवर काठीनं आकृत्या काढून समजावलं, की मॉडेलमध्ये आडवं अंतर जेवढं लहान केलंय तेवढी उंची लहान केलेली नाही, त्यामुळे उतार आहे त्यापेक्षा फारच उभा दिसतो. खरा डोंगर तुमच्या समोर आहे, तो बघा. सगळ्यांनी मान वळवून डोंगराकडे बघितलं. मलाही त्या क्षणी तो जरा जास्तच उभा वाटला, हे कबूल करायला हवं.

ठकूबाईंनी विचारलं, "मग हा पडंल का न्हाई, ते सांग."

"ते मॉडेलवरून कळत नाही, आजी. मातीच्या पोटात किती पाणी मुरतं, खडक कुठं फुटलाय, ते वेगळं शास्त्र आहे. मी एवढंच सांगतो, की तुम्ही बघितला तेवढा हा उभा नाही."

"म्हंजी पडंल का न्हाई ते तुला ठावं न्हाई."

"नाही."

"मग खाली गेल्यालं बरं," ती म्हणाली आणि उठली. तिच्यामागून बाकीचेही उठले. माझं म्हणणं पटलेला एकच माणूस देवळाच्या ओट्यावर बसून राहिला.

तो म्हणजे हवालदार बाबाजी मरळ. तोफखान्याच्या सर्व्हे तुकडीत नोकरी करून पेन्शनीत आलेला. पाठ ताठ, मिशा कातरलेल्या, आणि नकाशा वाचता येत नसलेल्या माणसाबद्दल मनात फारशी दया नाही. त्यांनी मला घरी नेलं, चहा दिला आणि फार दिवसांनी आपल्या भाषेत बोलणारा कुणी भेटावा तसे बोलत सुटले. प्रदर्शनातली पाटी त्यांनी वाचली होती. पाचपट हा शब्द त्यांनी सगळ्या गावाला समजावून सांगितला होता, आणि गावानं त्यांनाच वेड्यात काढलं होतं. "सर, नकाशाला भिऊन पळणारी पलटण मी नाही बघितली कधी," ते म्हणाले. त्यांची बायको हौसाबाई चुलीपुढे बसून हे ऐकत होती. तिनं गाडगीमडकी आधीच पोत्यात भरून ठेवलेली मला दिसली.

हवालदारांच्याच सांगण्यावरून मी दुसरं मॉडेल करायला घेतलं. नाहीतर लोक म्हणतील, सर नुसते बोलतात. तेच पुठ्ठे, तेच रंग, तीच लाल टाचणी, फक्त उभं-आडवं प्रमाण एकसारखं. तंतोतंत खरं मॉडेल. ते तयार झालं तेव्हा एखाद्या फुगलेल्या भाकरीसारखं दिसत होतं. ते घेऊन आम्ही गावात गेलो तर बायका पदर तोंडात धरून हसायला लागल्या. कोंडाजीनं टेबलाभोवती एक फेरी मारली आणि फार गंभीरपणे मला विचारलं, "सर, आमचा डोंगर कुठं ठिवला?"

मे महिन्यात उंबरदांड खाली उतरलं. हौसाबाईही उतरली, शेळ्या घेऊन. हवालदार उतरले नाहीत. एक म्हैस, एक रेडिओ आणि भिंतीवरचा तालुक्याचा नकाशा, एवढ्यावर ते वर एकटे राहिले. भाकरी त्यांना येत नव्हती, भातावर भागवायचे. नवरा-बायकोत भांडण असं झालं नाही. हौसाबाई बाजाराच्या दिवशी त्यांच्यासाठी चटणी पाठवायची, आणि निरोप एवढाच, की खाली पत्र्याच्या घरात एक खाट रिकामी आहे.

त्या पावसाळ्यात गाव रोज डोंगराकडे बघत होतं. पाऊस नेहमीसारखा पडला. वाघजाईचा डोंगर जागच्या जागी राहिला.

मग माझे दिवस फिरले. माळावर पत्र्याची घरं, उन्हाळ्यात आत बसवत नसे. नळ आला, पण त्याला पाणी आलं नाही, टँकरची वाट बघावी लागायची. भातखाचरं वरच राहिलेली, त्यामुळे रोज सकाळी चढायचं, दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी उतरायचं. बाजारात उंबरदांडची माणसं भेटली की पूर्वी नमस्कार करायची, ती आता तोंड फिरवायला लागली. कोंडाजीनं मला एकदा एसटी स्टँडवर गाठून सरळच विचारलं, की डोंगर पाचपट आहे हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं. मी म्हणालो, देवळापुढे येऊन सांगितलं होतं. तो म्हणाला, तसं नव्हे, कळंल असं सांगायचं.



हवालदारांना मात्र आता जोर चढला. ते महिन्यातून दोनदा माझ्याकडे यायचे, खऱ्या मॉडेलपुढे बसून टिपणं काढायचे. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी ठरवलं, की पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत हा प्रश्न निकालात काढायचा. दोन्ही मॉडेलं शेजारी-शेजारी ठेवून ते स्वतः गावाला समजावणार होते, आणि त्यानंतर वर परत जाण्याचा ठराव मांडणार होते. त्यासाठी आदल्या आठवड्यात ते माळावर घरोघर फिरले. त्या दिवशी एकानंही खाचरात जायचं नाही, बाया, म्हातारी, सगळ्यांनी सभेला यायचं. खाचरांत बेणणीची, तण काढायची कामं अंगावर आलेली होती, त्यामुळे लोक कुरकुरले, पण झेंड्याचा दिवस आणि हवालदारांचा शब्द, म्हणून कबूल झाले.

तीन-चार दिवस पावसानं झोडपून काढलं होतं. पंधरा तारखेला सकाळी तो नुसता भुरभुरत होता, आणि ढग इतके खाली आले होते की माळावरून डोंगराचा पायथासुद्धा दिसत नव्हता. मी कॉलेजचं झेंडावंदन उरकून टेम्पोतून दोन्ही मॉडेलं घेऊन पोचलो. हवालदार पहाटेच उतरून आले होते, कोट घालून, छातीवर पदकं लावून. सभा शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. सगळं गाव आलं होतं. हौसाबाई बायकांत शेवटी, दारापाशी बसली होती.

हवालदारांनी त्या दिवशी जे शिकवलं तसं मला इतक्या वर्षांत एकदाही जमलेलं नव्हतं. त्यांनी आकृती काढली नाही, प्रमाण हा शब्द उच्चारला नाही. त्यांनी कोंडाजीला उभं केलं आणि गावाला विचारलं, "ह्याचं तोंड आहे तेवढंच ठेवून नुसतं नाक पाचपट लांब काढलं, तर तुम्ही ह्याला बघून पळाल का नाही?"

सगळं शेड हसलं.

"आता खरा कोंडाजी तुमच्यापुढे आहे. पळताय का? मग डोंगराला बघून का पळालात?" आणि त्यांनी छडी पहिल्यांदा उंच मॉडेलवर ठेवली, मग चपट्या मॉडेलवर. "हे नाक. आणि हे खरं तोंड."

लोक पुढे सरकले. एकेकजण वाकून आधी एक बघत होता, मग दुसरं. मला समोर दिसत होतं की त्यांना कळतंय. बायका एकमेकींना बोटांनी दाखवत होत्या, किती उंच आणि किती रुंद. ज्या एका गोष्टीसाठी मी पुठ्ठे कापत बसलो होतो ती गोष्ट त्या शेडमध्ये अखेर घडत होती, आणि मला इतका आनंद झाला होता की मधेच बाहेर जो आवाज झाला त्याच्याकडे माझंही लक्ष गेलं नाही. आवाज लांबट होता, टिपरमधून खडी ओतावी तसा, फक्त बराच वेळ चाललेला. कुणीतरी म्हणालं, आजच्या दिवशीपण खडीचा क्रशर चालू ठेवलाय. हवालदार थांबले, आवाज संपू दिला आणि पुढे बोलू लागले.

मग त्यांनी हात वर करायला सांगितलं. दिवाळीनंतर कोण कोण वर परत जाणार?

आधी चार-दोन हात वर झाले, मग अर्धं शेड. कोंडाजीनं हात वर केला. ठकूबाईंनीही केला, आणि शेजारणीला सांगितलं, की मला मरायचं तर वरच मरायचं हाय. हौसाबाईनं हात मांडीवर ठेवला होता, तो तिथंच राहिला. हवालदारांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि हात मोजायला सुरुवात केली.

चहाची किटली घेऊन एक सून दारात आली होती. ती आत येईना. पाठमोरी उभी राहून बाहेर बघत राहिली. दारातल्या बायका उठल्या, मग आम्ही सगळे उठलो.

ढग वर सरकला होता. वाघजाईचा डोंगर दिसत होता, पण त्याच्या मधोमध, कड्याच्या खालपासून ओढ्यापर्यंत, एक रुंद तांबडा पट्टा होता, ओल्या मातीचा. दांड दिसत नव्हता. देऊळ दिसत नव्हतं, झाडं दिसत नव्हती. खाचरांच्या पायऱ्या जिथं होत्या तिथं चिखलाचा एकच सरळ उतार होता आणि तो अजून मंदपणे खाली येत होता.

 लोक आपापली माणसं शोधत शेडभर फिरायला लागले, नावं घेत, हात लावून बघत. सगळी होती. हवालदार दारात उभे होते. छडी त्यांच्या हातातच होती. ते एवढंच म्हणाले, "म्हैस बांधलेली होती."

त्यानंतर मी मोठा माणूस झालो. पेपरात माझा फोटो आला. मॉडेलच्या साहाय्याने धोका ओळखून गाव वाचवणारे प्राध्यापक, असं त्याखाली छापलं होतं. जिल्ह्याला बोलावून पालकमंत्र्यांनी शाल दिली. मी तिथं उभा राहून सगळं जसं घडलं तसं सांगितलं, की मॉडेलमधली उंची वाढवलेली होती, उतार साधाच होता, डोंगर पडेल असं मी कधीच म्हणालो नाही, उलट लोकांना अडवायला गेलो होतो. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. माझ्यानंतर बोलणाऱ्यांनी माझ्या विनयाचा दाखला दिला. कुलथे पहिल्या रांगेत होते. त्यांनी मान डोलावली.

पाचपट मॉडेल गावानं माझ्याकडून मागून घेतलं. माळावरच्या समाजमंदिरात ते काचेत ठेवलं, आणि महिन्याभरात काचेवर हळदकुंकू वाहिलेलं दिसायला लागलं. चपटं मॉडेल त्यांनी मागितलं नाही.

पाऊस थांबल्यावर हवालदारांनी मला निरोप पाठवला, की वर जाऊन बघू. आम्ही दोघं चढून गेलो. जिथं त्यांचं घर होतं असं ते म्हणाले तिथं वाळलेल्या चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि एका ठिकाणी कवाडाची चौकट अर्धी वर आली होती. ते तिच्यापाशी उभे राहिले. मग समोरच्या उताराकडे बघत, हात आडवा धरून, डोळा बारीक करून त्यांनी त्याचा कोन अजमावला.

"साधा उतार," ते म्हणाले. "असे उतार सगळ्या तालुक्यात आहेत."

मी म्हणालो, सगळे मला वाचवणारा म्हणतात, हवालदार. पण त्या दिवशी ही सगळी माणसं इथं खाचरांत वाकलेली असती. तुम्ही त्यांना खाली थांबवलंत म्हणून ती जगली. हे मी कलेक्टरसाहेबांना लिहून कळवणार आहे.

ते माझ्याकडे वळले. मी त्यांना इतकं रागावलेलं आधी पाहिलं नव्हतं. "आणि का थांबवलं ते काय लिहाल? डोंगर पडणार नाही, हे शिकवायला थांबवलं?" ते म्हणाले. "त्यापेक्षा नका लिहू, सर."

मी लिहिलं नाही.

उतरताना वाटेवर सगळा वेळ ते बोलत होते. लोक चुकीच्या कारणासाठी खाली उतरले, ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. मॉडेल बघून घाबरले, आणि मॉडेल तर खोटं होतं. उद्या दुसऱ्या कुणी दहापट करून दाखवलं तर दुसरीकडे पळतील. आणि बरोबर समजलं त्या दिवशी नेमका वर परत जायला हात वर केला. म्हणजे शिकवायचं काय, सर, आणि कुणाला?  मला सोमवारी पहिल्या वर्षाच्या वर्गावर तोच समोच्च रेषांचा धडा घ्यायचा होता.

माळावर पोचेपर्यंत दुपार टळली होती. हौसाबाईनं पत्र्याच्या सावलीत दोन ताटं मांडली होती. हवालदारांनी हातपाय धुतले, बसले, आणि बसता बसता पुन्हा तेच सुरू केलं, ह्या वेळी तिला उद्देशून, की तूसुद्धा चुकीच्या कारणानंच खाली आलीस.

तिनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

"बरं," ती म्हणाली. "चुकीच्या कारणानं जिती हाय मी. तुमी बी हाय. जेवून घ्या. सर, तुमी बी बसा."